सुनील छेत्री : पोरं, पालक आणि पेठेतल्या जाणत्यांचे वारंवार येणारे प्रश्न

इथं कोल्हापुरात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. सराव संपून पोरांनी शूजच्या नाड्या सोडायला घेतल्या की भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीवरचे प्रश्न सुरू होतात. मी घरी पोचेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर आणखी चार येऊन पडलेले असतात. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्याचं उत्तर दुसरीकडं आलंय तिथं क्रमांक दिलाय. तो बघावा, परत विचारू नये. (विचारणारच, माहीत आहे.)

१. छेत्री मूळचा कुठला? नेपाळचा आहे म्हणतात, खरं का?

भारताचाच. जन्म ३ ऑगस्ट १९८४, सिकंदराबाद. वडील लष्कराच्या ईएमई (यंत्रं-वाहनं सांभाळणाऱ्या) विभागात होते, त्यामुळं बदली होईल तिथं बिऱ्हाड. आई सुशीला नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेल्या आहेत, आणि घोळ तिथूनच होतो. पोराला बॉल लाथाडायला आईनं शिकवलं असं घर आपल्याकडं अजून विरळाच. शाळेतलं फुटबॉल दिल्लीत, पहिला क्लबही दिल्लीचा सिटी क्लब. २००२ मध्ये मोहन बागाननं कोलकात्याला उचलून नेलं तेव्हा वय सतरा-अठरा.

२. तो नक्की कुठल्या जागेवर खेळतो? सेंटर फॉरवर्ड, का विंगला?

दोन्ही. सुरुवातीला भारताच्या संघात पुढं बायचुंग भुतिया आणि त्याच्या आजूबाजूला छेत्री अशी जोडी असायची. बेंगळुरू एफसीत मिकूसारखा धिप्पाड परदेशी स्ट्रायकर मध्ये असताना छेत्री डावीकडं खेळायचा आणि तिथून उजव्या पायावर बॉल घेत आत यायचा. भारतासाठी मात्र बहुतेक वर्षं गोल करायची जबाबदारी त्याच्याच खांद्यावर होती, मग कागदावर जागा कुठलीही लिहिलेली असो.

पोरांनी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्याची उंची पाच फूट सात इंच. आपल्या पेठेतल्या निम्म्या सेंटरबॅकच्या तो खांद्याला लागेल. तरी त्याचे हेडरचे गोल बघा. क्रॉस (बाजूनं गोलसमोर टाकलेला बॉल) यायच्या आधी तो बचावपटूच्या पाठीमागं, नजरेच्या बाहेर उभा असतो. बॉल सुटला की मग दोन पावलं टाकून पुढं घुसतो आणि समोरचा उडी घ्यायच्या आत स्वतः हवेत असतो. उंच माणूस जागेवर उभं राहून जेवढं उडतो, त्याच्याहून बुटका माणूस पळत येऊन जास्त उडतो. हे मी सरावात शंभरदा सांगतो, तरी पोरं बॉक्समध्ये आधीच जाऊन खांबासारखी उभी राहतात.

३. भारतासाठी गोल ९४ का ९५? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतोय.

दोन्ही आकडे आपापल्या तारखेला बरोबर आहेत. जून २०२४ मध्ये त्यानं पहिल्यांदा निवृत्ती घेतली तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये तो परत आला (का, ते १२ मध्ये) आणि १९ मार्चला शिलाँगला मालदीवविरुद्ध पंच्याण्णवावा गोल केला. जिथं ९४ दिसतंय ते पान जुनं आहे, एवढंच. एशियन गेम्समुळं होणारी गल्लत वेगळी, त्यासाठी ४ बघा.

४. २०२३ च्या एशियन गेम्समध्ये त्यानं बांगलादेशला गोल मारला होता. तो मोजला तर आकडा वाढायला नको का?

नको. हांगझोऊला त्यानं सामना संपत आला असताना पेनल्टी मारून १-० नं जिंकून दिलं, हे खरं. पण एशियन गेम्समधलं पुरुषांचं फुटबॉल २००२ पासून तेवीस वर्षांखालच्या पातळीचं असतं आणि मोजके वयस्क खेळाडू सोबत घ्यायची मुभा असते. (हांगझोऊला ही अट चोवीसची होती, कारण स्पर्धा वर्षभर पुढं ढकलली गेली.) छेत्री त्या मुभेत गेला होता. वरिष्ठ संघाच्या हिशेबात ते गोल येत नाहीत. क्लबचे गोलही यात नाहीत. ग्रुपवर एकानं सगळं मिळून बेरीज करून पाठवली होती. मेहनत घेतली, पण चुकीची.

५. भारतासाठी हॅट्‌ट्रिक किती? त्यातली एखादी आपल्या महाराष्ट्रात आहे का?

चार, आणि त्यातल्या दोन महाराष्ट्रात. पुण्याला जाऊन आलेल्या जुन्या माणसांना आठवत असेल.

पहिली ऑगस्ट २००८ ची, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर, एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपच्या फायनलमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध. ४-१. चौघींत वजनदार हीच, कारण त्या विजयामुळं भारत २०११ च्या आशिया चषकाला गेला, तब्बल सत्तावीस वर्षांनी. दुसरी ऑक्टोबर २०१० मध्ये बालेवाडीत, व्हिएतनामविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात, ३-१. तिसरी १ जून २०१८ ला अंधेरीत, चायनीज तैपेईला ५-० हरवताना. हिची गोष्ट १० मध्ये सविस्तर आहे. चौथी जून २०२३ मध्ये बेंगळुरूत, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध, ४-०.

पाकिस्तानचा धागा मजेशीर आहे. त्याचा भारतासाठीचा पहिला सामनाही पाकिस्तानविरुद्धच होता, जून २००५ मध्ये क्वेट्ट्याला. सामना १-१ सुटला आणि भारताचा गोल त्याचाच. अठरा वर्षांनी, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, तीन.

६. कॅप्टन कधी झाला? आणि शेवटपर्यंत तोच होता का?

भुतिया २०११ मध्ये थांबला आणि त्यानंतर कर्णधाराची पट्टी छेत्रीच्या दंडावर स्थिरावली. २०१२ चा नेहरू चषक भारतानं त्याच्या नेतृत्वाखाली जिंकला, फायनलला कॅमेरूनच्या संघाला टायब्रेकरवर हरवून.

पण ‘कायम तोच’ हे खरं नाही. स्टीफन कॉन्स्टंटाइन प्रशिक्षक असताना पट्टी सामन्यागणिक फिरायची. २०१९ च्या आशिया चषकात बहारीनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात प्रणय हलदर कर्णधार होता, छेत्री मैदानात असूनसुद्धा. आपल्या एखाद्या तालमीत (कोल्हापुरात फुटबॉल क्लबलाच तालीम म्हणतात) असं केलं असतं तर ड्रेसिंग रूममध्ये काय झालं असतं याची कल्पना करा. तो गप खेळला.

आणखी एक. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं आशियाई विजेत्या कतारला दोह्यात ०-० रोखलं. लोक तो सामना सर्रास छेत्रीच्या खात्यावर लिहितात. तापामुळं तो त्या दिवशी खेळलाच नव्हता. कर्णधार होता गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू, आणि हिरोही तोच.

७. छेत्री मेस्सीच्या पुढं होता म्हणे. भावा, कायपण सांगता काय?

कायपण नाही. देशासाठीच्या गोलांच्या यादीत जून २०१८ मध्ये छेत्री ६४ वर पोचला तेव्हा मेस्सीही ६४ वर होता. जून २०२१ मध्ये दोह्यात बांगलादेशविरुद्ध दोन गोल मारून तो ७४ वर गेला, तेव्हा मेस्सी ७२ वर. पुढं मेस्सीनं वेग घेतला आणि विषय संपला. छेत्री २०२४ ला थांबला तेव्हा खेळत असलेल्यांमध्ये रोनाल्डो आणि मेस्सी यांच्यानंतर तिसरा होता.

आता अर्जेंटिनाच्या कट्टर कार्यकर्त्यांनी लगेच चिडू नये. ब्राझील आणि उरुग्वेच्या बचावफळीसमोर मारलेला गोल आणि नेपाळ-मालदीवसमोर मारलेला गोल यात फरक आहे, हे छेत्री स्वतः जाहीरपणे मान्य करत आलाय. मात्र दुसरी बाजूही बघा. मेस्सीला पास द्यायला कोण होतं आणि छेत्रीला कोण होतं? २०११ च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, तरी त्यानं बहारीन आणि दक्षिण कोरिया दोघांनाही गोल मारला. २०१९ ला थायलंडला ४-१ हरवताना दोन. मोठ्या मैदानावर गायब होणारा खेळाडू असता तर हे झालं नसतं.

८. क्लब कुठले कुठले?

मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, परत मोहन बागान, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ‘ब’ संघ, चर्चिल ब्रदर्स, आणि २०१३ पासून बेंगळुरू एफसी. मध्ये आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) दोन हंगाम मुंबई सिटी. २०१५ मध्ये मुंबईकडून खेळतानाच आयएसएलमध्ये हॅट्‌ट्रिक मारणारा तो पहिला भारतीय ठरला.

पहिल्या अकरा वर्षांत एवढे क्लब आणि नंतरची एवढी वर्षं जवळपास एकच. बेंगळुरूत दोनदा आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग), २०१८-१९ ची आयएसएल, २०२२ चा ड्युरंड कप. २०१६ मध्ये एएफसी कपच्या फायनलला पोचणारा तो पहिला भारतीय क्लब. तिथं इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ अशी हार झाली. पुणेकरांच्या जखमेवर मीठ नको, पण मार्च २०१८ च्या सेमीफायनलमध्ये बालेवाडीत ०-० झाल्यावर परतीच्या सामन्यात त्यानं पुणे सिटीला तीन मारले होते. आमच्यातले चौघे बालेवाडीला जाऊन गोल न बघता परत आले आणि तीन गोल टीव्हीवर बघितले.

९. एवढा भारी होता तर परदेशात का टिकला नाही?

तीनदा दार वाजवलं. तिन्ही वेळा अडचण वेगळी होती, म्हणून एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

२००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला घ्यायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला वर्क परमिट मिळायला त्याचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात असावा लागायचा. भारत त्याच्या आसपासही नव्हता. म्हणजे पोरगा पास, पण शाळा नापास म्हणून प्रवेश नाही.

२०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी. तिथं यूएस ओपन कपचा एक सामना मिळाला आणि मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण लढतीत बदली म्हणून थोडा वेळ. लीगमध्ये एकही नाही. २०१२ मध्ये स्पोर्टिंग. तिथं ‘ब’ संघाकडून मोजके सामने आणि मग चर्चिलकडं परत. हे अपयशच होतं, त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. पंचवीस-अठ्ठाविसाव्या वर्षी तिकडं जाऊन, चौदाव्या वर्षापासून अकादमीत वाढलेल्या पोरांशी जागेसाठी भांडायचं, हे कुणालाही जड गेलं असतं.

माझं मत विचाराल तर त्याची खरी कारकीर्द तिथून परतल्यावर सुरू होते. आहार, झोप, व्यायाम, सगळं त्यानं बदललं ते त्यानंतर. आपल्याकडं पुण्या-मुंबईला ट्रायल देऊन परत आलेलं पोरगं पुढच्या हंगामात तालमीच्या बाकावर बसून ‘तिकडं सगळी सेटिंग असते’ एवढंच सांगत राहतं. त्याला हे उत्तर दोनदा वाचायला द्या.

१०. तो हात जोडून ‘मैदानात या’ म्हणाला होता, तो व्हिडिओ कधीचा? आणि तुम्ही त्यावरून आमच्यावर का चिडता?

२ जून २०१८ चा. आदल्या दिवशी अंधेरीत त्यानं तैपेईविरुद्ध हॅट्‌ट्रिक मारली (५ बघा) आणि बघायला आली होती जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवर सांगितलं की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना त्यानं वेगळं सांगितलं : आमची पातळी तशी नाही, मान्य, तरी तुमचा वेळ वाया जाणार नाही असं खेळू. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. तिकिटं संपली, धो धो पाऊस पडला, लोक हलले नाहीत. ३-०, त्यात दोन त्याचे.

चिडतो याचं कारण असं. फुटबॉलला माणसं येत नाहीत हे दुखणं कोल्हापुराचं नाहीच. सामना पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा असू दे, नाहीतर प्रॅक्टिस आणि शिवाजीचा, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. वर्ल्ड कप आला की गल्लीगल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि तिकटीवर पोस्टर. म्हणजे आपलं प्रेम एक तर पेठेपुरतं, नाहीतर थेट ब्युनॉस आयर्सपर्यंत. मधला देश तेवढा राहून जातो. भारताचा सामना कुठल्या चॅनेलला आहे असं गेल्या महिन्यात मी ग्रुपवर विचारलं, तर एकोणसाठ जणांपैकी एकानं उत्तर दिलं, आणि तेही चुकीचं.

११. केरळा ब्लास्टर्सविरुद्धची ती फ्री किक बरोबर का चीटिंग?

या प्रश्नावरून आमच्या कट्ट्यावर दोन माणसं आठवडाभर बोलत नव्हती. म्हणून सावकाश सांगतो.

३ मार्च २०२३, बेंगळुरू, आयएसएलचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ, ०-०. बॉक्सच्या बाहेर छेत्रीला फ्री किक मिळाली. केरळाची भिंत लागत होती, गोलकीपर भिंत लावण्यात गुंतला होता, आणि छेत्रीनं बॉल जाळ्यात टाकला. रेफ्रींनी गोल दिला. केरळाचा संघ मैदान सोडून निघून गेला.

नियम असा की फ्री किक पटकन घ्यायचा हक्क फाउल झालेल्या संघाला असतो. समोरच्यांची तयारी होईपर्यंत थांबायचं बंधन नाही. पण त्यानं भिंत दहा यार्ड मागं न्यायची मागणी केली, किंवा रेफ्रींनी ‘थांब’ असं सांगितलं, तर शिट्टीशिवाय मारता येत नाही. सगळा वाद एवढ्यावरच आहे की इथं थांबायला सांगितलं होतं की नाही. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं गोल कायम ठेवला. केरळाला मैदान सोडल्याबद्दल चार कोटींचा दंड आणि त्यांच्या प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी.

मला विचाराल तर गोल नियमात बसतो. पाहायला गोड वाटत नाही, हेही कबूल. पण फ्री किक झाल्यावर बॉलसमोर एक माणूस उभा करायचा, हे आम्ही बारा वर्षांच्या पोरांना शिकवतो. (त्या पोरांना पुढं जाऊन ‘मग आपण पण टीम घेऊन बाहेर जायचं का’ असं विचारायची गरज नाही. नाही जायचं.)

१२. निवृत्ती घेऊन परत कशाला आला? दुसऱ्याला संधी नको का?

६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध ०-० असा निरोपाचा सामना झाला. रडारड झाली, सगळं रीतसर झालं. पण २०२४ हे अख्खं वर्ष भारत एकही सामना जिंकला नाही. तिकडं आयएसएलच्या त्याच हंगामात चाळिशीतला छेत्री १४ गोल मारत होता, भारतीयांत सर्वांत जास्त. डिसेंबरात त्यानं केरळाविरुद्धच हॅट्‌ट्रिक केली. आशिया चषकाची पात्रता तोंडावर होती, प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी विचारलं, तो आला.

त्याचा दोष यात मला दिसत नाही. चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागतं याचं उत्तर त्याच्याकडं कसं असेल? आयएसएलच्या क्लबांनी नऊ नंबरच्या, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या, जागेवर वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू उभे केले आणि भारतीय पोरं विंगला किंवा बाकावर. हा खेळ आपल्याकडंही सुरू आहे. फायनलच्या तोंडावर तालमी आफ्रिकन स्ट्रायकर आणतात, गॅलरी खूश होते आणि स्वतःचा फॉरवर्ड पाण्याच्या बाटल्या उचलतो. परत येऊनही चमत्कार झाला नाही, हेही लिहायला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि पात्रता हुकली.

१३. वर्ल्ड कप का नाही खेळला?

कारण भारत पात्रच झाला नाही. पुरुषांच्या वर्ल्ड कपला भारत एकदाच पात्र ठरला होता, १९५० मध्ये, आणि तेव्हा संघ गेला नाही.

१४. आपल्या कोल्हापूरचं कुणी त्याच्या रांगेत आहे का?

रांगेत अजून नाही, वाटेवर आहेत. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून पुढच्या फळीत खेळला. मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा त्याचा प्रवास झाला. त्या वर्ल्ड कपच्या वेळी आमच्याकडं सरावाला येणाऱ्या पोरांची संख्या एका महिन्यात दुप्पट झाली आणि तीन महिन्यांत पुन्हा होती तेवढी झाली.

१५. छेत्री वीगन आहे म्हणे. मग पोराचा तांबडा-पांढरा बंद करायचा का?

२०२० च्या सुमारास त्यानं मांस आणि दूधदुभतं सोडलं, हे खरं. पण त्याच्या पाठीशी क्लबचे आहारतज्ज्ञ होते आणि तेव्हा तो पस्तिशीत होता. वाढत्या वयाच्या पोराच्या ताटातलं काही स्वतःच्या मनानं काढू नका, डॉक्टरांना विचारा. बंद करायचंच असेल तर सामन्याआधी अर्धा तास खाल्लेली मिसळ बंद करा. बाकी रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्या पोराच्या बाबतीत ताटाचा प्रश्न नंतर येतो.

१६. पद्म पुरस्कार, खेलरत्न वगैरे काय काय मिळालंय?

अर्जुन २०११, पद्मश्री २०१९, खेलरत्न २०२१. खेलरत्न मिळवणारा पहिला फुटबॉलपटू. महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान सात वेळा.

१७. मोहन बागानच्या कोचची मुलगी त्याची बायको, हे खरं का?

खरं. सुब्रत भट्टाचार्य यांची कन्या सोनम. लग्न डिसेंबर २०१७ मध्ये. याच्या पुढचे प्रश्न या पानावर घेतले जाणार नाहीत.

१८. छेत्रीसारखी ११ नंबरची जर्सी आमच्याच पोराला मिळाली पाहिजे. नियम काय आहे?

हा प्रश्न आतापर्यंत सात पालकांनी पाठवलाय. नियमात कुठल्या जागेला कुठला नंबर असं काही नाही, कुणीही कुठलाही घालू शकतो. चिठ्ठ्या टाकून बघितल्या, तर चिठ्ठ्यांवरून भांडण झालं. या हंगामात ११ नंबर गोलकीपरकडं आहे.